बाटलीवर गावाचं नाव, गाठीवर का नाही?

(हिंगोली येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रकावर माझ्या नावापुढे विषय छापलाय, 'नाशिकची वाईन आणि आपण'. पत्रक गावोगाव पोचलं तसे निरोप यायला लागले. सेनगावकडची पोरं विचारत होती, भाऊ, नमुना आणणार का? आणि कळमनुरी तालुक्यातल्या एका मावशींनी सांगून पाठवलं की जिथे बाटलीचं गुणगान होणार तिथे आम्ही बाया येणार नाही. मावशी आल्या आहेत, पुढेच बसल्या आहेत. नमुना आणलेला नाही. ज्या मुलखात दारूपायी घरं बसली, जिथे बायांनी मतदान करून दुकानांना कुलूप लावलं, तिथे उभं राहून मी पिण्याची वकिली करणार नाही. मला बोलायचं आहे ते बाटलीतल्या मालाबद्दल. तो माल शेतकऱ्याचा आहे आणि त्याचा भाव कोण ठरवतो ते मला बघायचं होतं.

गेल्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यातले आम्ही एकोणीस जण नाशिकला गेलो. मुख्य काम द्राक्ष बागायतदारांच्या भेटीचं होतं. पण एक दिवस राखून ठेवला आणि मुंबई-पुण्याची माणसं पैसे मोजून करतात तो वाईनचा फेरफटका आम्हीही केला. तिकीट काढून, वाटाड्या घेऊन, जेवणासकट. कारखान्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, जाहिरातीचं मानधन मला मिळालेलं नाही.

गंगापूर धरणाच्या बाजूला बागा आहेत. सकाळी गाडी तिथे थांबली. टोपी घातलेला एक तरतरीत पोरगा पुढे आला आणि त्याने आधी आम्हाला बागेत नेलं. ही द्राक्षं आपण खातो ती थॉमसन नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बी. खायला घेतलं तर बियाच तोंडात येतात. वर्षात दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्च. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे त्याला झोपच नाही म्हणून दोनदा कात्री लावावी लागते. एकरी उत्पन्न मुद्दाम कमी ठेवतात. घड जास्त ठेवले की रस पातळ होतो, चव जाते. आपल्या माणसांना हे ऐकून गंमत वाटली. आपण उभा जन्म एकरी क्विंटल वाढवण्यात घालवला, आणि इथे माणूस छाती पुढे काढून सांगतो की आम्ही पीक कमी घेतो! ज्याच्या मालाला भाव आहे त्यालाच कमी पिकवणं परवडतं.

पुढे कारखाना. द्राक्ष चुरडायचं यंत्र, दाबयंत्र, थंड ठेवलेल्या पोलादी टाक्या, मग तळघरात ओक लाकडाची सव्वादोनशे लिटरची पिंपं. विज्ञान साधं आहे. आंबील आंबते तसाच हा रस आंबतो. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. पांढऱ्या वाईनला साल आधीच काढून टाकतात, लाल वाईनला साल आणि बी रसात मुरू देतात. म्हणून लाल वाईन तुरट, कच्च्या जांभळासारखी. साधारण सव्वा किलो द्राक्षात एक बाटली बसते, पाऊण लिटरची.

मग टेबल. आम्हा एकोणीस जणांत घेणारे आठ, न घेणारे अकरा. अकरांसाठी द्राक्षाचा साधा रस आला. घेणाऱ्यांना आधी परवान्याचं विचारलं, कारण आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. पेल्यात घोटभरच, तीस मिलिलिटरच्या आसपास. प्रत्येक घोटाबरोबर खाण्याचा एक घास. याला ते 'पेअरिंग' म्हणतात, आपण जोडी म्हणू. किंचित गोडसर शेनिन ब्लाँबरोबर मसालेदार पनीर, कारण तिखटाची आग अल्कोहोलने भडकते आणि गोडीने निवते. आंबटसर सोव्हिन्यों ब्लाँबरोबर तळलेलं, कारण आंबट तेलाला कापतं. तुरट शिराझबरोबर मटण, कारण चरबी आणि मांसापुढे तुरटपणा मऊ पडतो. उशिरा तोडलेल्या, अतिगोड द्राक्षाच्या वाईनबरोबर मिठाई. सगळं ऐकून औंढ्याकडचे एक मामा म्हणाले, "म्हणजे पिठल्यावर कच्चा कांदा, खिचडीवर कढी आणि मटणावर लिंबू. हे आमच्या म्हातारीला ठाऊक होतं, तिने तिकीट लावलं नाही एवढंच." टोपीवाला पोरगा हसला. हुशार होता, म्हणाला, "मामा, तिकिटाचाच तर धंदा आहे."

मी तिथे एक गोष्ट मोजत होतो. दीड तासातली निम्मी वेळ तो पोरगा मातीबद्दल बोलला. उतार कुठल्या दिशेला, मुरूम किती खोल, रात्री थंडी किती पडते, अमुक बागेतली तमुक साली काढलेली द्राक्षं. आणि शहरातली माणसं माना डोलवत ऐकत होती. मी कृषीची पदवी घेतली आहे, माती तपासणीचे अहवाल हजारांनी पाहिले आहेत. पण आपल्या कापसाची गाडी जिनिंगच्या दारात उभी असताना 'ही पऱ्हाटी कुठल्या मातीतली' असं विचारणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. तिथे विचारतात ओलावा किती, कवडी किती, आणि हाताने चाचपून भाव पाडतात. तुमचा कापूस ढिगावर पडला की तुमचं गाव संपलं.

आता हिशेब करू. हिशेबापुरते आकडे धरतो, तुम्ही घरी आपले आकडे घालून बघा. द्राक्ष किलोला पन्नास रुपये धरा. सव्वा किलोचे झाले साधारण साठ-बासष्ट. बाटली हजार रुपयांची धरा. बाटलीच्या किमतीत द्राक्षवाल्याचे सहा टक्के. आता शर्ट घ्या. एका शर्टाला पाव किलो कापड, घट धरून तीनशे ग्रॅम रुई. क्विंटलभर कापसातून चौतीस किलो रुई निघते, म्हणजे शर्टाला कापूस लागला पाऊण किलोच्या थोडा वर, नऊशे ग्रॅमच्या आत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने शर्टातला कापूस झाला एकाहत्तर रुपयांचा. शर्ट बाराशेचा धरा. पुन्हा सहाच टक्के! आणि त्यातली सरकी वेगळी विकली जाते ते सोडूनच द्या.

म्हणजे नाशिकचा वाईनद्राक्षवाला राजा झाला आणि आपण भिकारी राहिलो, असं जे शहरात बोललं जातं ते खरं नाही. जो करार करून द्राक्षं घालतो तो आपल्याच रांगेत आहे. पैसा त्याचा झाला ज्याच्या मालकीचं ते टेबल आहे. दारावर आलेल्या गिऱ्हाइकाला बाटली विकली की मधला अडत्या, मधला दुकानदार गळाला. जेवणाचे पैसे वेगळे, खोलीचे वेगळे, फेरफटक्याचे वेगळे. म्हणून भेट देण्याचा हा उद्योग त्यांनी उभा केला.

हे कसं घडलं त्याचाही इतिहास माहीत असू द्या. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फेसाळ वाईन काढली, ती फ्रान्सपर्यंत गेली. नाशिकला राजीव सामंत यांच्या 'सुला'ची लागवड १९९७ ची, कारखाना २००० सालचा, आणि लोकांनी येऊन चाखावं म्हणून खोली उघडली २००५ साली. मध्ये २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. उत्पादन शुल्कात सवलत, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क. मग निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांनीही कर्ज काढून छोटे छोटे कारखाने घातले. पुष्कळांनी खाण्याच्या द्राक्षाचे मांडव मोडून वाईनची जात लावली. २००८ साली जगात मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही. कारखान्यांनी द्राक्षं उचलली नाहीत, भाव कोसळला, आणि शेतकऱ्यांनी त्याच बागा कुऱ्हाडीने तोडल्या. नारायणगावचा तो नावाजलेला कारखानाही कर्जात बुडाला. टिकले ते, ज्यांच्याकडे स्वतःचं गिऱ्हाईक होतं. खाण्याचं द्राक्ष निदान बाजार समितीत नेऊन टाकता येतं. वाईनचं द्राक्ष कारखान्याने नाकारलं तर त्याचं करायचं काय? बेदाणाही धड होत नाही. एकाच दाराला बांधलेला माल त्या दाराचा गुलाम असतो. आपल्याकडे करारशेतीची कागदं घेऊन जी मंडळी फिरतात त्यांना आधी हे विचारा.

आणि सरकार? २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने ठरवलं की मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू द्यायची. कारण काय दिलं? शेतकऱ्याचं भलं! गदारोळ झाला आणि निर्णय कागदावर राहिला. वाईन दुकानात असावी की नसावी यावर या बैठकीत दोन मतं असतील, असू द्या. पण दुसरी गोष्ट बघा. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातशुल्क होतं. त्याच देशात कापसावर होतं अकरा टक्के, आणि तेही १९ ऑगस्ट २०२५ पासून डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. कधी? आपली पहिली वेचणी घरात यायच्या वेळी! मी भिंती बांधा म्हणत नाही. ज्याला खुला बाजार सांगायचा त्याला सांगा, पण गंगापूरच्या बाटलीला एक माप आणि सेनगावच्या गाठीला दुसरं, असं कसं चालेल?

फ्रान्सचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे चीज आणि पेले येतात. मला तिथलं १९०७ साल आठवतं. दक्षिणेतला लांगदोक नावाचा मुलूख, सगळा द्राक्षवाल्यांचा. व्यापारी साखरेचं पाणी आंबवून 'वाईन' म्हणून विकायचे, शिवाय आल्जीरियाहून स्वस्त माल यायचा. शेतकऱ्याची पिंपं पडून. आर्जेलिए नावाच्या खेड्यात मार्सेलँ अल्बेर नावाचा एक माणूस होता, थोडी द्राक्षबाग आणि एक खानावळ. ११ मार्चला तो सत्त्याऐंशी माणसं घेऊन निघाला. मग दर रविवारी एका गावात सभा, प्रत्येक सभा आधीच्यापेक्षा मोठी. ९ जूनला मोंपेलिए शहरात पाच लाखांवर माणसं जमली असं सांगतात. पाच लाख, आणि तेव्हा साध्या शेतकऱ्याकडे ना मोटार ना फोन! सरकारने फौज पाठवली, नार्बोनला गोळीबार झाला, माणसं मेली. सतराव्या पलटणीतले शिपाई त्याच मुलखातल्या शेतकऱ्यांची पोरं होती. त्यांनी बंड केलं आणि बंदुका घेऊन आपल्या गावाकडे चालू लागले. २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि त्याच वर्षी ठरलं की वाईन म्हणायचं ते ताज्या द्राक्षाच्या रसालाच. पुढे १९३५ साली कुठल्या गावाचं नाव कुठल्या बाटलीवर लावता येईल त्याचाही कायदा झाला. आज त्या गावांत पर्यटक जातात, मातीचं कौतुक ऐकतात. ते नाव कुणी बक्षीस दिलेलं नाही.

आता आपल्या ज्वारीकडे या. पोरांच्या मनात प्रश्न आहे, मला ठाऊक आहे, की द्राक्षाची होते तर ज्वारीची का नाही. होते की! २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान द्यायचं ठरवलं. पावसात काळी पडलेली ज्वारी खपेल, मराठवाडा-विदर्भाच्या शेतकऱ्याचं भलं होईल, असं सांगितलं. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला. परवाने कुणाच्या घरात गेले त्याची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. आपल्या काळ्या ज्वारीला त्यापायी मोंढ्यात भाव चढला, असं मला तरी दिसलं नाही.

आणि चढणारही नव्हता, त्याचं कारण शास्त्रातच आहे. द्राक्षात साखर तयार असते, रस नुसता आंबतो आणि त्यात बागेची चव उरते. ज्वारीत असतो स्टार्च. त्याची आधी साखर करायची, मग आंबवायचं, मग उकळून, वाफ गाळून शुद्ध मद्यार्क काढायचा. हा मद्यार्क चांगला कधी म्हणतात? त्याला वास नसेल, चव नसेल तेव्हा. ज्वारी, मका, तांदळाची कणी, काहीही घाला, बाहेर एकच पाणी येणार. मग कारखानदार सगळ्यांत स्वस्त धान्य घेणार, तुमची ज्वारी का घेईल? चीनमध्ये उलटं आहे. तिथे माओताय गावाची दारू त्या भागातल्या लाल ज्वारीचीच हवी असा आग्रह असतो, कारण चव राखायची असते, आणि गावाच्या नावावर बाटली विकते. ती करा असं मी म्हणत नाही, मावशी, निश्चिंत रहा. मुद्दा एवढाच की ज्या मालात गाव उरतं त्यालाच गावाचा भाव मिळतो.

ज्वारीत गाव उरतं असा एक माल आपल्याकडे आहे, आणि तो आपण फुकट वाटत आलो. हुरडा. टेबलावर जोडीचे घास बघताना आमच्यातल्या चौघा-पाच जणांच्या मनात एकाच वेळी हे आलं. गोवऱ्यांची आगटी, त्यात भाजलेलं कणीस, हातावर चोळून पाखडलेला गरम दाणा. आणि त्याची जोडी? शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, घट्ट दही, गूळ, बोरं. कुठल्या तिखटावर काय गोड आणि कशावर दही हे सगळं आपल्या आयांनी ठरवून ठेवलंय. पुण्याभोवती, छत्रपती संभाजीनगरभोवती माणशी काही शे रुपये घेऊन हुरडा खाऊ घालतात. ज्वारीच्या मुलखात मात्र ज्वारी मोंढ्यात जाते.

परतीच्या वाटेवर यावरून गाडीत भांडण झालं. एक जाणते गृहस्थ म्हणाले, "हुरड्याला आलेल्या पाव्हण्याकडून पैसे घ्यायचे? लाज नाही वाटत?" त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ती रीत मोठी आहे. पण सोयऱ्याला बोलावणं वेगळं आणि नांदेडहून मोटारीने येणाऱ्या अनोळखी कुटुंबाला जेवू घालणं वेगळं. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला, नर्सीला नामदेवांच्या जन्मगावी बारमाही माणूस येतो. दर्शन घेतो, चहा पितो, निघून जातो. नांदेड-परभणी तास-दीड तासावर आहे.

दहा गुंठ्यांचा हिशेब सांगतो. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार-साडेचार क्विंटल धरली तर दहा गुंठ्यांत क्विंटलभर, थोडी वर. २०२५-२६ च्या ३,७४९ रुपये मालदांडी हमीभावाने चार हजारांच्या आसपास, तेही हमीभाव मिळाला तर. त्याच दहा गुंठ्यांवर हंगामात शंभर माणसं जेवली आणि माणशी तीनशे घेतले तर तीस हजार. त्यातून चटण्या, दही, गोवऱ्या, मजुरी, मांडव आणि स्वच्छतागृहाचा खर्च वजा. निम्मे गेले तरी पंधरा उरतात. आणि कडबा आपलाच. पण शंभर माणसं यावी लागतात, आणि ती आपोआप येत नाहीत. सगळ्या गावाने हुरडा लावला तर नाशिकसारखीच गत होईल. म्हणून तालुक्यात पहिल्या वर्षी तीन-चार ठिकाणं, त्याहून जास्त नको.

शेतीचं थोडं. हुरड्याला गुळभेंडी, सुरती असली जुनी वाणं चांगली. राहुरीचं 'फुले उत्तरा' खास हुरड्याचंच आहे, आणि परभणीच्या विद्यापीठानेही हुरड्याचे वाण काढलेत, तिथे चौकशी करू. मालदांडीचा हुरडा होतो, पण दाणा बोंडातून लवकर सुटत नाही. दाणा मऊ राहतो तो आठवडाभर, म्हणून एकदम पेरू नका. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन तुकडे पेरा, नव्वद-शंभर दिवसांनी एकेक तुकडा हाताशी येईल. भारी, ओल धरणारी जमीनच घ्या, मुरमाड रानात दाणा भरत नाही. खोडमाशीला बीजप्रक्रिया करा. कणीस निसवल्यावर त्या तुकड्यावर कसलीही फवारणी नको, लोक दाणा हिरवा खाणार आहेत. पाखरांना गोफण, आणि गोफण फिरवायला शहरातली लेकरं पैसे देऊन येतील ते बघाच. २०२० सालचं राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन विभागाकडे नोंदणी होते. कागद आपण मिळून करू.

कापसाला हुरड्यासारखी वाट मला सापडलेली नाही, ते सरळ सांगतो. रुई चाखता येत नाही. केंद्र सरकारने २०२० साली 'कस्तुरी कॉटन' अशी मुद्रा काढली, गाठीचा माग लागावा म्हणून. पण जिनिंगच्या ढिगात दहा गावांचा आणि वीस वाणांचा कापूस एक झाला, तर माग लागून लागून ढिगापर्यंतच लागणार. एका गावाने एकच वाण लावलं, कवडी वेगळी वेचली, प्लास्टिकच्या गोणीऐवजी कापडात कापूस नेला, आणि एखाद्या जिनिंगवाल्याशी बोलून त्या गावाच्या गाठी वेगळ्या बांधल्या, तर भाव किती वाढतो ते तरी कळेल. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावाचं नाव मालाला चिकटतं हे आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. सेनगाव तालुक्यातली दोन गावं एका वाणाला तयार आहेत. तिसरं हवं, कारण दोन गावांच्या कापसात जिनिंगवाला वेगळा घाण लावायला राजी नाही.

चहा झाल्यावर मी या मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात बसणार आहे. हुरड्याचे दहा गुंठे ज्यांना द्यायचे असतील त्यांनी नाव, गाव आणि रस्ता गाडी जाण्याजोगा आहे का तेवढं लिहून द्या. घरातली बाई हो म्हणाली आहे का हेही लिहा. चटण्या तिला वाटायच्या आहेत, तर पैशाची पिशवीही तिच्याच हातात राहील, ही माझी अट आहे.